भरलेला पाय, रिकामा पाय

प्रश्न : आदरणीय ताई, मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. फोंड्याला राहते. चार महिने झाले, आठवड्यातून दोनदा पहाटेच्या बसने पणजीला येऊन कांपालच्या बागेत ‘ताई ची’ या सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाच्या वर्गाला जाते. यांग शैलीचा जुना, १०८ हालचालींचा लांब फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाची सलग मालिका, शिकवतात. वर्गात सगळ्यांबरोबर जमतं. घरी अंगणात एकटी उभी राहिले की मात्र सिंगल व्हिप ही हालचाल दुसऱ्यांदा येते तिथे घोळ होतो. तिथून क्लाउड हँड्सकडे जायचं, तर हात आपोआप पहिल्या भागातल्या लिफ्ट हँड्सकडे वळतात आणि मी परत त्याच्या पुढच्या ‘पांढरा करकोचा’ या हालचालीपाशी येऊन पोहोचते. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळी नावं क्रमाने लिहून फ्रीजवर चिकटवली आहेत, ती तोंडपाठ आहेत. तरी असं का होतं? वयाने स्मरणशक्ती गेली का? व्हिडिओ बघून शिकू का? आमचे सर चुका फारशा दाखवून देतही नाहीत. शिवाय माझी मैत्रीण म्हणते तिचा फॉर्म १०३ चा आहे. मग बरोबर कुणाचा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाई, आधी सोपं ते सांगते. १०३ आणि १०८ हा फरक मोजण्याचा आहे. यांग शैलीचे गुरू यांग चंगफू (१८८३–१९३६) यांनी घालून दिलेला लांब फॉर्म कुणी ८५ मोजतात, कुणी १०३, कुणी १०८. एखादी हालचाल तीनदा आली तर कुणी ती एक धरतं, कुणी तीन. मैत्रिणीशेजारी उभ्या राहून करून बघा, क्रम जवळजवळ तोच निघेल.

आता तुमचा घोळ. तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. तुम्ही पाठ केलेली वस्तू तेवढी वेगळी आहे. तुम्ही नावं पाठ केलीत. नाव म्हणजे हालचाल जिथे संपते ती जागा. दोन नावांच्या मधे जे घडतं, ते फ्रीजवरच्या कागदावर कुठेच नाही आणि फॉर्म तर सगळा त्या मधल्या भागातच आहे.

सिंगल व्हिप हे लांब फॉर्मचं तिस्क, म्हणजे तिठा आहे. तुमच्या फोंड्यात तिस्कावर उभं राहिल्यावर कुठे वळायचं हे तिस्क सांगत नाही, तुम्ही कुठे निघालात ते सांगतं. इथेही तसंच. एकदा सिंगल व्हिपनंतर लिफ्ट हँड्स येतं, पुढे क्लाउड हँड्स, त्यानंतरच्या सिंगल व्हिपला ‘घोड्याला थोपटणं’, तिसऱ्या भागात ‘साप खाली उतरतो’ ही हालचाल. ‘चिमणीची शेपटी’ ही हालचाल आणि तिच्या पाठोपाठ सिंगल व्हिप ही जोडी फॉर्मभर इतक्या वेळा येते की नवशिका तिथे हरवणारच. वीस वर्षं फॉर्म करणारी माणसंही लक्ष उडालं की तिथूनच चुकीच्या रस्त्याला लागतात.

तुम्ही आयुष्यभर मुलांना पाढे शिकवलेत. सात आठे किती विचारलं की सात एके सातपासून म्हणत येणारं मूल तुमच्या वर्गात दरवर्षी असणार. त्याला पाढा येतो, पण सलग येतो, मधून येत नाही. तुम्ही फॉर्म तसाच शिकताय. दर वेळी सुरुवातीपासून, त्यामुळे पहिली दहा मिनिटं घोटून घोटून गुळगुळीत झाली आहेत आणि पुढचं कच्चंच राहिलंय. उद्यापासून एक महिना सुरुवातीपासून फॉर्म करायचा नाही. अंगणात जायचं ते थेट त्या दुसऱ्या सिंगल व्हिपमध्ये उभं राहायचं आणि क्लाउड हँड्सचं पहिलं वजन सरकवायचं. तेवढंच दहा वेळा. मग एक हालचाल मागे जाऊन, म्हणजे चिमणीच्या शेपटीतल्या शेवटच्या ढकलण्यापासून सुरुवात करून तिथपर्यंत यायचं. मग आणखी एक मागे. माळेचं शेवटचं फूल आधी ओवायचं, असं समजा.

आणि त्या सांध्यात नेमकं काय होतं तेही बघू या, कारण हे शब्दांत कुणी सांगत नाही. ढकलून झालं की तुमचं वजन उजव्या, पुढच्या पायावर असतं. ते वजन मागे डाव्या पायावर न्या. उजवा पाय रिकामा झाला, म्हणून त्याचा चवडा आता आत वळू शकतो. कमरेबरोबर तो वळवा, चांगला बराच वळवा. मग वजन परत त्याच उजव्या पायावर आणा. आता डावा रिकामा झाला. याच वेळी उजव्या हाताची पाचही बोटं एकत्र येऊन खाली झुकतात. रांगोळी चिमटीत धरतो त्याहून सैल, मनगटातून लोंबणारी. रिकामा डावा पाय उचला, डावीकडे ठेवा, आधी टाच, मग तळवा, आणि वजन त्यावर सरकत जाताना डावा तळहात बाहेर फिरतो. उजवा, डावा, उजवा, डावा. वजन एवढ्या वेळा इकडून तिकडे गेलं आणि या सगळ्याचं कागदावर नाव एकच, सिंगल व्हिप.

तो फ्रीजवरचा कागद काढा. त्या जागी नवा लावा, नावांऐवजी फक्त ‘उ’ आणि ‘डा’ लिहिलेला. वजन कुठे आहे, एवढंच. आठवड्यातून दोन दिवस हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी तेवढा तुकडा करा. हात नसले की पाय चुकलेला लगेच कळतो. हात असले की ते ओढत ओढत शरीर कसंबसं पुढे नेतात आणि चूक झाकली जाते. यांग चंगफू यांच्या दहा सूत्रांमध्ये भरलेलं आणि रिकामं ओळखणं हे एक सूत्र आहे. माझ्या मते नवशिक्याने पहिलं वर्ष त्या एकाच सूत्राला द्यावं, बाकी नऊ मागून येतात. श्वास कधी घ्यायचा नि कधी सोडायचा हे तर आत्ता विचारूही नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, मला ती मोठी वाटली: वर्गात जमतं, घरी नाही. कांपालला तुमचं तोंड मांडवीकडे, म्हणजे उत्तरेला असतं, घरी तुळशीकडे असेल. तुम्ही नकळत ‘पाण्याकडे हात, रस्त्याकडे पाठ’ असं शिकला आहात. पाणी गेलं की क्रम गेला. म्हणून आठ दिवस रोज वेगळ्या बाजूला तोंड करून सुरू करा. समोर म्हणजे जिथे तुम्ही सुरुवातीला उभ्या राहिलात ते, बाकी झाडं, नदी, तुळस काही नाही. जुन्या पद्धतीत दक्षिणेला तोंड करून सुरू करतात आणि पहिल्या भागात ‘गुडघा झाडत’ पुढे जाण्याच्या हालचालींची ओळ डाव्या हाताला, पूर्वेकडे जाते. त्यामुळे सोपा किंवा अंगण लांबट असेल तर लांबी डाव्या हाताला येईल असे उभे राहा, भिंत आडवी येणार नाही.

वर्गात मागच्या रांगेत उभ्या राहत असाल तर एकदा पुढे उभ्या राहा. मागून बघत केलेला फॉर्म हा बघण्याचा फॉर्म असतो. पण एकटीनेच करायचं असंही नाही. तुम्ही पौषात धालो, हा आपल्या गोव्यातला बायकांचा नाच, खेळल्या असालच. दोन रांगा, हातात हात गुंफलेले, पुढे पावलं, मागे पावलं. तिथे कुणी पावलं मोजत नाही, शेजारणीच्या दंडातून तिचं वजन कळतं नि आपलं हलतं. मैत्रिणीला एक दिवस शेजारी घेऊन अगदी सावकाश करा. तिचं वजन कधी सरकतं ते कानाने ऐका, पाय उचलल्याचा आवाज येतो.

व्हिडिओ शिकण्यासाठी नको, आठवण ताजी करायला चालेल, तोही शिक्षकाची पाठ दिसेल असाच. समोरून बघितलात तर डावं-उजवं उलट होतं आणि तुमची अडचण नेमकी डाव्या-उजव्याचीच आहे. सरांबद्दल: बरेच शिक्षक पाय बसेपर्यंत हात दुरुस्त करत नाहीत, त्यात दुर्लक्ष नसतं. पण थांबून राहू नका. दर वर्गाला एकच प्रश्न न्या, नेमका. ‘माझं बरोबर आहे का?’ असा नको. ‘इथे वजन कुठल्या पायावर हवं?’ असा विचारा. त्याचं उत्तर कुठलाही शिक्षक देईल.

प्रश्न : मी ४५ वर्षांचा, ताळगावला राहतो. रोज सकाळी मिरामारच्या वाळूत अनवाणी सराव करतो. महिन्याभरापासून उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. खाली बसून केलं की जास्त. ताई ची तर गुडघ्याला चांगलं असं ऐकलं होतं.
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : भाऊ, आजपासून दोन आठवडे खाली बसणं बंद. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, माझं उत्तर त्यानंतर वाचा.

मी तुमच्याच वयाची असताना शिकायला लागले आणि पहिल्याच वर्षी हेच दुखणं ओढवून घेतलं. त्या वेळच्या माझ्या शिक्षकांचा सगळा भर ‘खाली, अजून खाली’ यावर होता आणि मी रबरी तळव्याचे बूट घालून फरशीवर, वजन असलेला पाय तसाच गर्रकन फिरवत होते. बूट जमिनीला चिकटलेला, मांडी फिरलेली, मधे सापडला तो गुडघा. तीन महिने सराव गेला आणि त्या महिन्यांची मला आजही हळहळ वाटते, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे, पुढे-मागे वाकतो, वळणं सोसत नाही. वळण खुब्यातून आणि घोट्यातून यायला हवं, तेही पाय रिकामा असताना. वरच्या बाईंना जे सांगितलं तेच तुम्हाला: आधी वजन मागे, मग चवडा फिरवा, मग वजन पुढे.

तुमच्या बाबतीत वाळूही दोषी आहे. कोरड्या मऊ वाळूत पाऊल रुततं आणि रुतलेलं पाऊल वळत नाही. ओहोटीला पाण्याजवळची ओली, घट्ट झालेली पट्टी असते तिथे करा, नाहीतर सरळ सपाट जमिनीवर. पावसाळ्यात मात्र शेवाळलेलं अंगण नको.

आणखी एक तपासा. ‘गुडघा झाडणं’ या हालचालीत पुढे गेलात की तसेच थांबा आणि खाली बघा. दोन्ही पावलं एका रेषेत, खाजन शेताच्या अरुंद बांधावरून चालल्यासारखी पडली आहेत का? बहुतेकांची पडतात. मग तोल सावरायला खुबा बाहेर झुकतो आणि गुडघा आत कोसळतो. दोन पावलांच्या मधे आडवं अंतर खांद्याएवढं हवं. पुढचा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला हवा, चवड्याच्या पुढे नको. उंच उभे राहून हे जमलं की मग हळूहळू खाली. खाली बसणं हे मांड्यांनी कमवायचं असतं.

प्रश्न : नोकरीमुळे वेळ नाही. २४ चा छोटा फॉर्म शिकला तर चालेल का, की तो खरा ताई ची नव्हे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : जरूर शिका. तो १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरूनच बसवला, नवशिक्यांसाठीच. पाच-सहा मिनिटांत होतो, लांब फॉर्मला वीस मिनिटं तरी लागतात. रोज दोनदा केलेला छोटा फॉर्म रविवारी एकदा केलेल्या मोठ्याहून खूप बरा. फक्त दोन्ही एकदम शिकू नका, सांधे एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ७०) पार्किन्सन आहे. डॉक्टर म्हणाले ताई ची करून बघा. वर्गाला नेणं जमणार नाही. घरी कुठून सुरू करू? ते पडतील याची भीती वाटते.
— एक वाचक, वास्को

उत्तर : ताई, डॉक्टरांनी योग्य सांगितलं. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९५ पार्किन्सन रुग्णांवरचा अभ्यास आला होता. आठवड्यातून दोनदा, तासभर, २४ आठवडे. ज्यांनी ताई ची केलं त्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

तुम्हाला फॉर्मची गरज नाही. त्यातला मूळ भाग तेवढा घ्या. औषधाचा असर चांगला असतो ती वेळ निवडा. यजमान स्वयंपाकघराच्या ओट्याकडे तोंड करून उभे, दोन्ही हात ओट्यावर, मागे जड खुर्ची, तुम्ही बाजूला. दोन पावलांत खांद्याएवढं अंतर. वजन सावकाश उजव्या पायावर न्यायचं, इतकं की डावी टाच आपोआप हलकी होईल. थांबायचं. मग डाव्या पायावर. पाऊल उचलायचं नाही. तुम्ही मोठ्याने म्हणा, ‘भरला... रिकामा’, त्यांनाही म्हणू द्या. शब्दाच्या तालावर त्यांना हलणं सोपं जाईल. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या आठवड्यात रिकामा झालेला पाय बोटभर पुढे ठेवायचा आणि परत आणायचा. ओटा सोडायचा नाही.

महिन्याने मला पुन्हा लिहा. वळताना त्यांचं पाऊल जमिनीला चिकटून राहतं का, आणि कुठल्या बाजूला वळताना, तेवढं नक्की बघून कळवा. पुढचं त्यावरून सांगेन.