परीकथेतला भयपट बघायचाय? मग हा घे
भावा, यान श्वांकमायर या चेक दिग्दर्शकाचा २००० सालचा 'ओटेसानेक' आधी बघ. मूल नाही म्हणून खंतावलेल्या बायकोला नवरा झाडाचा बुंधा तासून बाळ करून देतो. ती त्याला दुपट्यात गुंडाळते, दूध पाजते. मग बाळाची भूक वाढते. मांजर गेलं, पोस्टमन गेला... आणि आपल्याला हसू आवरत नाही! शेजारची पोरगी तीच लोककथा पुस्तकात वाचत असते. तिच्यावर नजर ठेव, बिल्डिंगमध्ये डोकं फक्त तिलाच आहे. पिक्चर सव्वादोन तासांच्या आसपास, मधे रेंगाळतो, चालतंय. फक्त तांबडा-पांढरा हाणून लगेच बसू नकोस. यात साधं जेवणसुद्धा इतकं जवळून दाखवलंय, की पोटात ढवळतंय.