वाचकांचे प्रश्न : निम्म्याच संगणकांवरून प्रिंट का निघते?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखेत नेटवर्क बसवणारा कंत्राटदार काम सोडून गेला. कागदावर काहीच नोंद नाही, राउटरचा पासवर्डही नाही. नव्या प्रिंटरला अंदाजाने १०.२०.४.५० हा कायमचा आयपी (नेटवर्कातला पत्ता), २५५.२५५.२५५.० मास्क आणि १०.२०.४.१ गेटवे भरला. निम्म्या संगणकांवरून प्रिंट निघते, बाकीच्यांवरून नाही. प्रिंटर बदलून घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बदलू नका, दोष बहुधा मास्कचा आहे. कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कातले, हे मास्कवरून ठरतं. प्रिंट न निघणाऱ्या एखाद्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) ही आज्ञा द्या. यादी लांबलचक येते. त्यातले व्हीपीएनचे वगैरे अडॅप्टर (नेटवर्क जोडण्या) सोडा, केबल जोडलेला इथरनेट अडॅप्टर तेवढा बघा. तिथे आयपी १०.२०.५ ने सुरू होत असेल आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५४.० असेल, तर घोळ सापडला.

या मास्कमध्ये १०.२०.४.१ ते १०.२०.५.२५४ असे ५१० पत्ते एकाच नेटवर्कात येतात. त्यामुळे १०.२०.५.३१ हा संगणक प्रिंटरला थेट माहिती पाठवतो. प्रिंटरला मात्र तुम्ही भरलेल्या मास्कमुळे ‘५’वाले सगळे बाहेरचे वाटतात. तो उत्तर गेटवेकडे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरकडे द्यायला जातो, आणि १०.२०.४.१ वर कुणीच नसेल तर ते उत्तर पोचतच नाही. ‘४’वाल्यांचं काम सुरळीत चालतं ते म्हणूनच.

मास्क, गेटवे आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) चालू संगणकावरून जसेच्या तसे उतरवा. गेटवे .१ वरच असतो असं नाही, .२५४ वरही पुष्कळ ठिकाणी असतो. नुसत्या छपाईला गेटवे लागत नाही, पण स्कॅन थेट ईमेलने पाठवायचं तर गेटवे आणि डीएनएस दोन्ही बरोबर हवेत.

आता ५० हा आकडा. त्याच यादीत ‘डीएचसीपी एनेबल्ड’समोर (डीएचसीपी म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय) ‘येस’ असेल तर राउटर पत्ते वाटतो आहे. तुमचा ५० त्या वाटपाच्या पट्ट्यात आला, तर रात्री प्रिंटर बंद असताना तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि सकाळी दोघांची टक्कर होते. शाखेतल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते लिहून काढा आणि त्या गर्दीपासून लांबचा पत्ता निवडा. निवडलेल्या पत्त्याला आधी पिंग करा, म्हणजे ping ही आज्ञा आणि पुढे तो पत्ता देऊन उत्तर येतं का बघा. उत्तर आलं नाही म्हणून तो मोकळा समजू नका, विंडोजची फायरवॉल पिंग अडवते. लगेच ‘एआरपी -ए’ (arp -a) ही आज्ञा द्या. त्या पत्त्यासमोर यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख सांगणारा मॅक अ‍ॅड्रेस दिसला तर तो कुणीतरी वापरतंय. पक्का उपाय म्हणजे राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर पत्ता राखून ठेवणं. त्यासाठी पासवर्ड मिळवा, पण राउटर रिसेट करू नका. इंटरनेट जोडणीची सगळी माहिती पुसली जाईल.

प्रश्न : ग्राहकाकडे लॅपटॉपला केबल लावली की १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येतो. पुढे काय?

उत्तर : डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच तो पत्ता घेतला. आधी केबल आणि स्विचचं पोर्ट बदलून बघा. तरीही तेच, आणि ग्राहकाची बाकी यंत्रं चालू, तर तिथे पत्ते हाताने भरलेले असावेत. ग्राहकाची परवानगी घेऊन वायरशार्क (नेटवर्कवरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम) लावा आणि ‘एआरपी’, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ असं विचारणारे संदेश तेवढे गाळून बघा. ‘हू हॅज १९२.१६८.१०.१? टेल १९२.१६८.१०.३७’ अशा ओळी येतील. वेगवेगळी यंत्रं ज्या पत्त्याची वारंवार चौकशी करतात, तो बहुधा गेटवे. मास्क मात्र या ओळींत नसतो. तो चालू यंत्रावरूनच बघून घ्या.