स्प्लेंडरची ब्रेक लाईट मंद पेटते? वायरिंग किट घेऊ नका, आधी अर्थ (करंट परत बॅटरीकडं नेणारी वायर) बघा

दादा, तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि जुना राग पण वर आला. 2004 ची स्प्लेंडर प्लस, ब्रेक लाईट कधी लागते कधी नाही, लागली तरी मंद, बल्ब बदलून बदलून दमलात, आणि आता खानापुरातला मेकॅनिक म्हणतोय पूर्ण वायरिंग किट घाला. सेम टू सेम माझंच झालेलं हे. माझी 1999 ची स्प्लेंडर आहे, अजून रोज रस्त्यावर असते, म्हणून सांगूलालोय. किटचे पैसे आत्ता देऊ नका, थोडं थांबा.

बल्ब, फ्यूज, बॅटरी तुम्ही बघितलीच असणार, त्यात जात नाही. फक्त बल्ब डबल फिलामेंटचाच (एक तार टेलची म्हणजे मागच्या कायम पेटणाऱ्या लाल दिव्याची, एक ब्रेकची) आहे ना आणि जुन्या बल्बच्या बुडावर जेवढे वॅट लिहिलेत तेवढाच आहे ना एवढं बघा. त्याच्या दोन पिना एका लेव्हलला नसतात, एक वर एक खाली, आणि काही लोक जबरदस्तीनं उलटा फिरवून बसवतात मग टेल ब्रेकसारखी आणि ब्रेक टेलसारखी पेटते.

तुमच्या पोस्टमधला महत्त्वाचा शब्द "मंद" हा आहे. बल्ब उडाला असता तर काहीच पेटलं नसतं. स्विच गेला असता तरी काहीच पेटलं नसतं. मंद पेटतंय म्हणजे करंट बल्बपर्यंत येतोय, बहुतेक परत जायला वाट नीट मिळत नाही. ह्या गाड्यांत हेडलाईट आणि टेल इंजिनच्या कॉइलवरून एसी करंटवर चालतात, म्हणजे इंजिन चालू असेल तरच, आणि ब्रेक लाईट, हॉर्न, इंडिकेटर बॅटरीवर. म्हणून इंजिन बंद असताना चावी ऑन केली तर टेल पेटायलाच नको, पण ब्रेक दाबला की ब्रेक लाईट झक्क लागली पाहिजे. आता हे करून बघा: इंजिन बंद, चावी ऑन, हॉर्न वाजवून बॅटरीत दम आहे ना बघा, मग लाईटचा स्विच ऑन करून ब्रेक दाबा आणि मागं कुणालातरी उभं करा. नुसती टेलसारखी मंद लाल दिसली, आणि लाईटचा स्विच ऑफ केल्यावर तीही गेली, तर नव्वद टक्के होल्डरची अर्थ गेलेली आहे. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थ सापडत नाही म्हणून टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि तपकिरी वायरीनं पुढं जाऊन कॉइलमधून बॉडीला भेटतो. एकच करंट दोन्ही फिलामेंटमधून एकामागं एक जातो म्हणून मंद. माझ्या गाडीत असं होतं, तुमच्या मॉडेलला स्विचचं कनेक्शन थोडं वेगळं असू शकतं, पण तत्त्व हेच.

खात्री करायला एक हातभर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकवा आणि ब्रेक दाबा. लख्ख पेटली की विषय संपला, तुमचा प्रॉब्लेम हिरव्या वायरीत आहे. हिरो होंडात साधी हिरवी म्हणजे अर्थ, हिरवी-पिवळी पट्ट्याची म्हणजे ब्रेक स्विचकडून येणारी, तपकिरी म्हणजे टेल. आरएक्सवाल्यांनी हे रंग लावू नका, यामाहाची काळी अर्थ असते.

आता माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे किटवर मी एवढा का चिडतो ते कळेल. मी गाडी नेली ती बेळगावातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला, नाव घेत नाही, एसीची वेटिंग रूम, पाण्याची बाटली वगैरे सगळं. त्यांनी होल्डर उघडून बघितलासुद्धा नाही. कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि वायरिंग किट, मागचा ब्रेक स्विच आणि बल्ब असं एस्टिमेट हातात. सगळं घातलं, लाईट लागली, मी पैसे देऊन घरी. जांबोटी रस्त्याला पहिला पाऊस लागला आणि परत तेच, मंद. का? कारण मेन वायरिंग किट मागं सीटखाली संपतं, टेल लॅम्पच्या होल्डरला स्वतःच्या तीन छोट्या वायरी असतात आणि त्या बुलेट कनेक्टरनं (गोळीसारख्या टोकाच्या जोडानं) किटला जोडलेल्या असतात. किट नवीन, होल्डरच्या वायरी जुन्याच! बसवताना कनेक्टर काढून परत दाबले म्हणून तेवढे दिवस चालली.

परत नेली तर तक्रार ऐकायच्या आधीच काउंटरवरचा म्हणतो सर गाडी जुनी झाली, एक्स्चेंजमध्ये नवीन बघा की. मी अडून बसलो म्हणून आत नेली आणि तासाभरानं "आगतैती री" (होतंय हो) म्हणून दिली. काय केलं ते सांगितलं नाही. केलं काय होतं, तर बॅटरीच्या प्लसवरून डायरेक्ट लाल वायर ब्रेक स्विचला ओढलेली. मध्ये फ्यूज नाही, चावी नाही. चावी काढून खिशात ठेवली तरी ब्रेक दाबला की लाईट. ती वायर सीटखाली चॅसिसच्या धारेवरून नेलेली, ना टाय ना स्लीव्ह. घासून घासून एक दिवस टिळकवाडीच्या रेल्वे गेटला उभा असताना जळका वास आला, सीटखालून धूर. मागच्यानं हॉर्न मारून मारून सांगितलं तेव्हा कळलं. सीट काढली तर लाल वायरीचं प्लास्टिक वितळून शेजारच्या नवीन वायरींना चिकटलेलं, तांबं उघडं पडलेलं, बॅटरीची बाजू फुगलेली. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. नवीन किट गेलं, बॅटरी गेली, आणि ते लोक म्हणे बाहेर कुठंतरी काम केलंय तुम्ही. बिलावर त्या वायरीचा उल्लेखच नाही, मग भांडणार कशावर? म्हणून कुणीही डायरेक्ट वायर टाकतो म्हटलं की गाडी तिथनं काढा, आणि जे काही केलं ते बिलावर लिहून घ्या. हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

शेवटी काम केलं ते डायनामो भरणाऱ्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं. त्याच्याकडं मीटर पण नव्हता, एक इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) दोन वायरी एवढंच हत्यार. होल्डरच्या पत्र्याला वायर टेकवली, मला ब्रेक दाबायला सांगितला, लाईट भक्कन लागली, "अर्थ इल्ल री" (अर्थ नाही हो) म्हणाला. हिरव्या वायरीच्या बुलेट कनेक्टरवरचं रबर मागं ओढलं तर आत तांब्याची हिरवी पूड आणि दोन-चार तारा कशातरी टिकून राहिलेल्या. वरून वायर एकदम चांगली दिसत होती. आपल्या भागात मागच्या चाकानं उडवलेलं लाल चिखलाचं पाणी मडगार्डखालून बरोबर तिथं जातं. त्यानं वायर कापून चकाकीत तांबं लागेपर्यंत सोलली, नवीन बुलेट दाबून डाग दिला, वर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि शिवाय होल्डरवरून एक जादा अर्थ चॅसिसच्या बोल्टला, बोल्टखालचा रंग खरवडून. गाडी नुकतीच रंगवली असेल तर हा रंग खरवडायचा मुद्दा विसरू नका, रंगावर बोल्ट कसला की अर्थ मिळत नाही. आरसी रिन्यूला जायच्या आधी गाडी रंगवून लाईट घालवणारे मी बघितलेत.

लाईट मंद नसून कधी लागते कधी अजिबात नाही असं असेल तर मग स्विच. पुढचा ब्रेक दाबून लागते आणि मागच्यानं नाही, तर बल्ब, अर्थ सगळं ठीक, मागचा स्विच किंवा त्याची स्प्रिंग. अॅडजस्ट करताना स्विचची बॉडी धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा, बॉडी फिरवली की आत वायरी पिळवटतात. आणि जास्त ताणू नका, नाहीतर लाईट कायम पेटत राहते. ते वरवर बिनधोक वाटतं पण 21 वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअर, आणि जुन्या किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी फक्त अडीच अँपिअर-अवरची, बसणारच. शिवाय मागच्याला कळणार कसं तुम्ही कधी ब्रेक मारला ते. उसाच्या सीझनला वंटमुरी घाटात किंवा तवंदीला रात्री ट्रॅक्टरच्या मागनं जाऊन बघा, पुढं लाईट नसलेली ट्रॉली आणि मागं अंगावर येणारा ट्रक, तेव्हा ब्रेक लाईटची किंमत कळते.

टेलचं फिलामेंटच सारखं उडत असेल तर रेग्युलेटरकडं (कॉइलचा व्होल्टेज आवरणाऱ्या पार्टकडं) बघा, ब्रेकचं उडत असेल तर होल्डरचं रबर सैल होऊन बल्ब थरथरतोय का बघा. एलईडी टाका असं कुणी सांगेल, मला पटत नाही, अर्थ खराब असली की तो पण फडफडतोच आणि मग खरा बिघाड कुठं ते आणखीच कळत नाही.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही, स्वतःच्या गाडीवर शिकलोय, तेव्हा हात घालताना बॅटरीचा मायनस काढूनच घाला, टेस्टपुरता लावा. होल्डरच्या तिन्ही वायरींचे रबर मागं ओढून एक फोटो टाका, कनेक्टरचं आतलं तांबं दिसेल असा. तोवर मेकॅनिकला सांगा किट मागवू नको म्हणून, कारण इलेक्ट्रिकल पार्ट एकदा पॅकिंग फोडला की दुकानदार परत घेत नाही.