परदेशात फिरायची खूप इच्छा आहे, पण योग येत नाही. तुमचं नेमकं कुठं अडलं?

पैसा अडवतो, घरचे अडवतात की आपलंच मन कचरतं, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं सांगतो: मला माझ्या द्राक्षबागेनं अडवलं, तेही दोनदा.

निफाड तालुक्यात आमची चार एकर थॉम्सन जातीची द्राक्षं आहेत. माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात जातो. मणी १८ मिलिमीटरचा भरला नाही तर घड बाजूला काढतात आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला त्याचा, रिपोर्ट पास झाल्याशिवाय बागेला कात्री लागत नाही. एवढे सोपस्कार करून माझं द्राक्ष जिथं उतरतं ते बंदर बघावं, तिथल्या दुकानात मांडलेलं पनेट, म्हणजे द्राक्षांचा छोटा डबा, एकदा हातात घ्यावं, एवढीच हौस. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. मुलगा मोबाईलवर जहाज कुठवर गेलं ते दाखवायचा. आई म्हणाली, "द्राक्षं आफ्रिका हिंडून चालली, आणि तू कसारा घाट उतरायचा तर दहा कारणं सांगतोस."

कारणं आहेतच. ऑक्टोबरात छाटणी, मग डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं आभाळाकडं बघत फवारण्या, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), फेब्रुवारी-मार्चात काढणी, एप्रिलात पुन्हा खरड छाटणी. नोकरदारांची दिवाळीची सुट्टी ऐन आमच्या कामात येते. उसंत मिळते ती जून-जुलैत.

पासपोर्टनं फार छळलं नाही. १५०० रुपये, नाशिकला फेरी, गावात पोलीस चौकशी. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यात महिना गेला. गंमत म्हणजे ही पुस्तिका छापतात आमच्या नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये.

खरी मेख व्हिसाची. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला इन्कम टॅक्स रिटर्न मागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं मी जन्मात रिटर्न भरलं नव्हतं. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडलं. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला रक्कम दिसते. माझ्या खात्यात निर्यातदाराचे पैसे मे महिन्यात एकदम आले आणि आठवड्यात सोसायटीच्या पीककर्जात गेले. उरलेला आकडा बघून मलाच माझा संशय आला असता. ९० युरो फी म्हणजे आठ हजारांवर, वर विमा, बोटांचे ठसे द्यायला मुंबई. शेवटी छापील कागद आला: मुदतीच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. फी अर्थातच बुडाली.

तो कागद मी बागेतच वाचला. ऑक्टोबरची छाटणी टाकून हा माणूस तिकडं राहील, असं ज्याला वाटलं त्यानं कधी वेल बांधलेला नसणार. पण त्याचा तरी काय दोष? मी दिलेल्या कागदांत बाग कुठंच दिसत नव्हती. सातबारा जोडला होता, तो मराठीत.

तुमचीही शेती किंवा छोटा धंदा असेल तर कर लागो न लागो, रिटर्न आत्तापासून भरा; करमुक्त शेती उत्पन्न त्यात दाखवता येतं. माल विकल्याच्या पावत्या आणि सातबारा इंग्रजीत करून जोडा. ऐन वेळी मेव्हण्याकडून दोन लाख आणून खात्यात भरू नका, ते लगेच डोळ्यांत भरतं. आणि तोवर हौस दमत नसेल तर नेपाळ आहे. व्हिसा नको, मतदार ओळखपत्र चालतं. आम्ही दोघं जाऊन आलो. आई मात्र त्याला परदेश मानायला तयार नाही, कारण तिथंही आम्ही महादेवाच्याच देवळात रांग लावली.

दोन वर्षांची रिटर्नं भरून झालीत. सातबारा भाषांतराला दिलाय. 'पोटखराबा'ला, म्हणजे जमिनीतल्या लागवडीला न येणाऱ्या भागाला, इंग्रजीत काय म्हणायचं, यावर भाषांतर करणाऱ्या बाईंचं सध्या अडलंय.