वाचनालयात पहिलं प्रदर्शन लावताना

अरे, चित्रं नंतर निवड, आधी दोन-तीनदा नुसता जाऊन बस. संध्याकाळी ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते बघ. जलरंग तिथे नको, उडतात. भिंतीला खिळा ठोकू देतीलच असं नाही. छताजवळच्या पट्टीवरून नायलॉनची दोरी सोडता येते का, ते विचार. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेव. काच लावलीस तर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. मी एकदा सगळी चित्रं अशीच लावली, लोक त्यात केस नीट करून गेले.

आपल्या बडोद्यात गॅलरीत येणारे बहुतेक फाइन आर्ट्‌सवालेच. वाचनालयात पेपर वाचायला आलेले आजोबा येतात, परीक्षेची पोरं येतात. त्यांच्यासाठी पाट्या मराठी-गुजराती दोन्हींत लिही, अक्षर मोठं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयं उभी केली ती या माणसांसाठीच.

किंमत लावायची परवानगी आधी विचार. चित्रं देताना यादीवर सही घे, विसरू नकोस. आणि उद्घाटनाला पाहुणे कमी बोलव, शांतता पाळायची असते ना तिथे!