आठवड्याचा किराणा ठरवलेल्या रकमेत कधीच बसत नाही. भाव वाढले म्हणून, की आमचं काही चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं आहेत, दर आठवड्याला किराणा-भाजीसाठी रक्कम ठरवता आणि दर आठवड्याला ती ओलांडली जाते. घरचे म्हणतात तुम्ही जास्त आणता, तुम्ही म्हणता भाव वाढलेत, आणि त्यावरून रोज वाद होतो. नक्की कोणाचं खरं, आणि खर्च आटोक्यात आणायचा कसा, हा तुमचा प्रश्न.

बहुधा दोघांचंही खरं आहे. किती कोणाचं, ते मोजता येतं. पण त्याआधी एक सांगते. जो पिशवी घेऊन जातो त्याच्याच माथी खर्चाचा दोष येतो, आणि हा अन्याय आहे. काय खायचं, किती खायचं, काय ताटात उरवायचं हे घरातले सगळे ठरवतात, पैसे मोजताना मात्र एकटाच दिसतो. तुमचा प्रश्न वाचताना मला हे फार जाणवलं, कारण मी त्यातून गेले आहे. पाच वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली आणि आठ महिने आमचं पाच जणांचं घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं. मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई. त्या आठ महिन्यांत जे कळलं तेच खाली लिहिते.

भाव की सवय, हे असं मोजा. घरात हमखास लागणाऱ्या दहा-बारा वस्तू निवडा. तेल, दूध, धान्य, साखर, साबण असं काहीही, फक्त नेहमीची हवी. प्रत्येकीचं ठरावीक माप लिहा, एक किलो, एक लिटर असं, आणि जुन्या बिलांतून सहा महिन्यांपूर्वीचा भाव आणि आजचा भाव समोरासमोर मांडा. दोन्ही बाजूंची बेरीज करा. समजा ही तीच पिशवी ८ टक्क्यांनी महागली, आणि तुमचा एकूण खर्च मात्र २० टक्क्यांनी वाढला. तर ८ टक्के भावाचे, आणि उरलेली सुमारे ११ टक्क्यांची वाढ (१२० भागिले १०८ करून बघा) जास्त आणण्याची किंवा महागडं आणण्याची. माप बदलायचं नाही आणि फक्त भाव बदलू द्यायचा, ही महागाई मोजायची जुनी रीत आहे. एटिएन लास्पेयर या जर्मन अर्थतज्ज्ञाने ती १८७१ मध्ये मांडली आणि देशोदेशीचे महागाई निर्देशांक आजही बरेचसे त्याच धर्तीवर निघतात. पण देशाचा आकडा तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही, कारण त्यांची पिशवी वेगळी आणि तुमची वेगळी. स्वतःचा आकडा काढा. आमच्या घरी तो कागद फ्रीजवर लागला आणि त्या दिवसापासून भांडणाचा सूरच बदलला.

हे करताना पॅकेटावरचं वजन नक्की वाचा. किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमचं पॅकेट ४५० ग्रॅमचं झालं, तर ती ११ टक्क्यांची दरवाढच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

आता रक्कम. ‘एकूण उत्पन्नाच्या अमुक टक्के किराण्यावर जावेत’ असले ठोकताळे सगळीकडे वाचायला मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. अर्न्स्ट एंगेल या संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावर जाणारा हिस्सा मोठा. म्हणजे तुमची टक्केवारी शेजाऱ्यापेक्षा जास्त असेल तर त्याचा अर्थ तुम्ही उधळे आहात असा होत नाही. तुमची रक्कम तुमच्याच मागच्या चार आठवड्यांच्या बिलांतून निघायला हवी. चारही आठवड्यांची सरासरी काढा आणि पहिल्या महिन्यात तेवढीच ठेवा. कमी करू नका. मी पहिल्याच आठवड्यात रक्कम एक तृतीयांशाने कापली होती. दुसऱ्या आठवड्यात सगळा हिशेब कोसळला आणि मुलांच्या दुधाला कात्री लागली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं.

पगार महिन्याचा आणि खर्च आठवड्याचा असेल तर आणखी एक खड्डा आहे, आणि मला वाटतं तुमचं पाऊल त्यातच पडत असावं. आपण महिन्याच्या रकमेला चाराने भागतो. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. चाराने भागलं की वर्षअखेर बारा महिन्यांच्या पैशात तेरा महिन्यांचा किराणा बसवायची वेळ येते. महिन्याच्या रकमेला बाराने गुणा आणि ५२ ने भागा. शंभरातले पंचवीस न येता तेवीस येतील. दोनाचाच फरक, पण दर दोन-तीन महिन्यांनी ‘या वेळी कसं काय पुरलं नाही’ असं जे वाटतं, त्याचं उत्तर त्या दोनात आहे.

दुसरं म्हणजे सगळा किराणा आठवड्याचा नसतोच. भाजी, फळं, दूध, अंडी, पाव हे आठवड्यात येतं आणि आठवड्यात संपतं. धान्य, तेल, साबण, मसाले एकदा आणले की सहा-आठ आठवडे चालतात. दोन्ही एकाच रकमेत मोजलं की साठ्याचं सामान आणायच्या आठवड्यात गणित फुगतं आणि इतर आठवड्यांत खोटी बचत दिसते. मग त्या खोट्या बचतीवर काहीतरी भारीतलं घरात येतं. मी दोन पाकिटं केली. आठ आठवडे पुरणाऱ्या सामानाच्या किमतीचा आठवा भाग दर आठवड्याला साठ्याच्या पाकिटात जातो, उरलेले पैसे ताज्या सामानाला. पाकीट कागदाचंच हवं असं नाही. बँकेत वेगळं खातं असलं तरी चालतं, फक्त दोन रकमा एकमेकींत मिसळता कामा नयेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बिलं सगळेच बघतात, कचऱ्याचा डबा कोणी बघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२२ साली जगभरात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं, असा त्यातला अंदाज आहे. माणशी वर्षाला ७९ किलो. साली, बिया यांसारखं न खाण्याजोगंही त्यात धरलंय, पण तरीही चार माणसांच्या घरात आठवड्याला सहा किलो होतात. पिशवीभर सामान विकत घ्यायचं, उचलून आणायचं, नीट लावून ठेवायचं आणि फेकायचं.

चार आठवडे एक कागद कचऱ्याच्या डब्याजवळ लावा. जे खाण्याजोगं होतं आणि टाकावं लागलं ते लिहायचं, शेजारी कारण. ‘पालेभाजी, अर्धी जुडी, सडली.’ ‘भात, दोन वाट्या, तिसऱ्या दिवशी आंबला.’ कोणी टाकलं ते लिहायचं नाही, नाहीतर लोक लपवून टाकायला लागतात. आमच्या कागदावर पहिल्या महिन्यात पालेभाज्या सगळ्यात वर होत्या. मला वाईट वाटलं, कारण त्या मी मुलांच्या तब्येतीसाठी हौसेने आणत होते. मग लक्षात आलं की सोमवारी मी ताजीतवानी असते आणि शनिवारपर्यंतचं निवडणं-चिरणं मनात धरून भाजी आणते. गुरुवारी कामावरून थकून आल्यावर जुडी निवडायला हात उचलत नाही. दोष भाजीचा नव्हता, आळसाचाही नव्हता. सात दिवसांची खरेदी मी एका दिवसाच्या उत्साहावर करत होते. आता पालेभाजी फक्त आठवड्याच्या पहिल्या तीन दिवसांपुरती येते. शेवटच्या दिवसांसाठी टिकाऊ भाज्या. आणि जेवणाचा बेत मी पाच दिवसांचाच आखते. दोन दिवस मोकळे ठेवते, त्यात उरलंसुरलं संपतं.

यादी दुकानात जाताना मनातल्या मनात करू नका. फ्रीज आणि कपाट उघडून, समोर उभं राहून लिहा. आधी काय संपवायचं आहे ते, मग ते संपवायला काय लागेल ते, आणि सगळ्यात शेवटी नवीन काय हवं ते. हा क्रम उलटा केला की घरात तीन अर्धी पॅकेटं असताना चौथं येतं. सासूबाईंनी एक शिस्त लावून दिली: नवीन आणलेलं मागे, आधीचं पुढे. सोपी वाटते, पण रोज पाळली की महिन्याभरात फरक दिसतो.

किती वेळा जाता तेही मोजा. आम्ही आठवड्यातून पाच-सहा वेळा जात होतो, कधी दूध, कधी पाव. एका वस्तूसाठी गेलेला माणूस क्वचितच एक वस्तू घेऊन परततो. आता एक मोठी फेरी आणि मध्ये एक छोटी. छोट्या फेरीला जेवढं लागेल तेवढीच रोकड बरोबर असते, मोबाईलवरून पैसे द्यायचे नाहीत. थोडं सामान असेल तर ढकलगाडी न घेता हातात पिशवी घ्या. दुकानातली ती चाकांची गाडी सिल्वन गोल्डमन या अमेरिकन दुकानदाराने १९३७ मध्ये आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं हे त्याच्या ध्यानात आलं होतं. हात भरून येणं ही आपल्याला मिळणारी सूचना आहे, ती मिळू द्या. ऑनलाइन मागवत असाल तर टोपलीत टाकून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. घरपोच सामान मोफत मिळावं म्हणून रक्कम वाढवायची असेल तर ती फक्त साठ्याच्या वस्तूंनी वाढवा.

सवलतींबद्दल थोडक्यात. ‘तीनवर एक मोफत’ म्हणजे २५ टक्के सूट, पण चौथी वस्तू वाया गेली तर सूट शून्य. मोठं पॅकेट स्वस्त असतंच असं नाही, किलोमागे किंवा लिटरमागे भाव काढल्याशिवाय ते कळत नाही. टिकणारी आणि नक्की लागणारी वस्तू सवलतीत मिळाली तर जरूर घ्या, साठ्याच्या पाकिटातून.

आणलेलं टिकवणं हाही खर्चाचाच भाग. फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा, फ्रीझर उणे १८ वर. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. सफरचंद, केळी, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून त्यांना वेगळं ठेवा. कांदे-बटाटेही एकत्र नकोत. पॅकेटावरच्या तारखांतही फरक असतो: ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख आहे, ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची. दुसरी उलटून गेली असेल तर पदार्थ खाऊ नका, त्यात काटकसर नको. पहिली उलटली म्हणून न बघताच टाकून देण्याची गरज नाही.

आणि घरातल्या वादाबद्दल. एखादा आठवडा सगळी खरेदी त्यांना करू द्या. टोमणा म्हणून नाही, खरोखर: यादी, पैसे, दोन्ही पाकिटं हातात द्या आणि मधे बोलू नका. माझ्या नवऱ्याने नोकरी नसताना दोन महिने हे केलं. पहिल्या आठवड्याला तो घरी आला तेव्हा त्याने मला काही न विचारता बिलं वहीत चिकटवली आणि वस्तूंचे भाव स्वतः लिहून काढले. पुढे त्याला नोकरी लागली, तरी मधल्या दिवसाची छोटी फेरी अजून त्याच्याकडेच आहे. मुलं मोठी असतील तर त्यांनाही एक काम द्या. आमची मुलगी किलोमागचे भाव काढते आणि माझ्यापेक्षा पटकन काढते.

पहिला महिना फक्त लिहिण्यात घालवा. दुसऱ्या महिन्यापासून रक्कम कमी करायला घ्या, तीही कचऱ्याच्या कागदावर जेवढं दिसलं तेवढीच. आमच्याकडे कोणाच्याही ताटातलं काही न काढता खर्च खाली यायला तिसरा महिना उजाडला. तुमचे चार आठवडे भरले की दहा-बारा वस्तूंच्या त्या तक्त्यात काय निघालं ते इथे कळवा, पुढचं गणित आपण मिळून बघू.