हेडफोन लावले, तरी आवाज स्पीकरमधूनच

प्रश्न : घरातली सगळी निजल्यावर मी कीर्तनांच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून लॅपटॉपवर उतरवून घेते. गेल्या आठवड्यापासून हेडफोन लावले, तरी आवाज स्पीकरमधूनच येतो. हेच हेडफोन मोबाइलला नीट चालतात. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणतात. काय करावे?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हेडफोन मोबाइलवर लावून पाहिलेत, हे फार चांगले केलेत, दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे, एवढे त्यावरून कळले. आता तो जॅकमध्ये आहे की विंडोजमध्ये, हे ठरल्याशिवाय मदरबोर्डला हात लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या असतात. पिन पूर्ण आत गेली की त्यांपैकी एक पट्टी सरकते, तिचा संकेत ध्वनीच्या चिपला मिळतो आणि मग आवाज स्पीकरकडून हेडफोनकडे वळतो. पिन थोडी जरी बाहेर राहिली, तरी हा संकेत जात नाही. म्हणून पिन शेवटी 'खट्' करून बसते का, आणि मोबाइलमध्ये जाते तितकीच इथेही आत जाते का, हे आधी उजेडात नीट पाहावे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची अशीच तक्रार होती. तो मी कापडी पिशवीतून नेत असे. टॉर्च धरून पाहिले, तेव्हा जॅकच्या तळाशी करड्या धाग्यांचा आणि धुळीचा दाबून घट्ट झालेला बोळा दिसला. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, दात कोरायच्या लाकडी काडीने तो कडेकडेने सैल केला आणि जॅक खाली धरून अलगद बाहेर काढला. काडी फार दाबू नये, कारण टोक आत मोडले तर नवे संकट; आणि सुई किंवा टाचणी तर कधीच घालू नये, तिने आतली पट्टी वाकते.

जॅक स्वच्छ असेल, तर विंडोजकडे वळावे. लॅपटॉप रोज 'शट डाउन' करत असाल, तरी एकदा 'रीस्टार्ट' अवश्य करा. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असले की शट डाउनने यंत्रणा पुरती नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होते. साउंडच्या यादीत हेडफोनचे वेगळे नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका, कारण अनेक लॅपटॉपमध्ये स्पीकर आणि हेडफोन मिळून एकच नाव असते. तक्रार गेल्या आठवड्यातली आहे, तेव्हा 'अपडेट हिस्टरी' उघडून त्याच सुमारास काही अपडेट आले होते का, ते पाहावे. ध्वनीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ध्वनीची चिप चालवायला लागणारे छोटे सॉफ्टवेअर, बदललेला आढळला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करता येते. ते बटण फिकट दिसत असेल, तर आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नयेत.

एवढ्यानेही भागले नाही, तर घरातल्या जाणत्या मुलाकडून पेन ड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी मोफत यंत्रणा, घालून घ्या, लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि ते लॅपटॉपमध्ये न बसवता, 'ट्राय उबुंटू' निवडून, हेडफोन लावून ऐका. तिथे हेडफोनमधून आवाज आला, तर जॅक ठीक आहे आणि दोष विंडोजचा आहे. तिथेही तो स्पीकरमधूनच आला, तर जॅकवरचा संशय बळावतो. परंतु तेव्हाही दुरुस्तीवाल्यांना एक गोष्ट विचारावी, की या मॉडेलमध्ये जॅक मदरबोर्डवर आहे की वेगळ्या छोट्या बोर्डवर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या बोर्डवर असतो आणि तेवढाच बदलता येतो. मदरबोर्डवर असला, तरी कुशल कारागीर नुसता जॅक काढून नवा डाख देऊन बसवू शकतो.

तोवर आपले लेखन थांबायला नको. यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळते; त्याला स्वतःची चिप आणि स्वतःचा जॅक असल्याने आपले हेच हेडफोन त्यावर चालतील. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे फीत थांबवत थांबवत ऐकण्याच्या कामाला वायरचे हेडफोनच बरे.